शालूताईंच्या टिकल्या

आमच्या शालूताई रस्त्यानं तिरप्या चालत नाहीत. आमच्या फाटकातून किराण्याचं दुकान तिरपं दिसतं, हाकेच्या अंतरावर. आमची अख्खी रिसाली वस्ती तिथं तिरपीच जाते. ताई मात्र नाकासमोर विजेच्या खांबापर्यंत जातात, तिथं टाच आपटून काटकोनात वळतात आणि मग दुकानाकडे निघतात. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. दुकानदार म्हणतो, "दीदी आ रही हैं," आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक उरकून घेतो.

शालूताई म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले आमचे हे, मी आणि त्या, असं आमचं तिघांचं घर. मुलींच्या एका शाळेत त्या पी.टी. शिकवतात, आणि तिथला बँड त्यांचाच. बिगुल, ड्रम, बासऱ्या, झांजा, सगळं. कवायतीचे हुकूम हिंदीत असतात, त्यामुळे आमचा अर्धा संसारही हिंदीतच चालतो. ताटं मांडली की "दाहिने सज!" म्हणजे उजवीकडे पाहून रांग सरळ करा. पाहुण्यांच्या चपलांनाही हाच हुकूम. आमचे हे सोफ्यावरून अर्धे उठून "जाऊ दे, नंतर पाहू" म्हणत परत बसले, की स्वयंपाकघरातून आवाज आलाच समजा, "वळायचं त पूर्ण वळ, नाही त उभा राह्य!" मोठ्या भावाला असं बोलायची हिंमत आमच्या घरात त्यांचीच. माझी नाही बाप्पा.

दुर्गला भाच्याच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. बरातीचा बँड आपल्याच नादात, ट्रंपेटवाला एकीकडे, ढोलवाला नाचणाऱ्या मामांच्या गर्दीत. ताईंना ते पाहवेना. पदर खोचला, पुढं गेल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "बँड, थम!" बँड थांबला ते ठीक, पण घोडीही थांबली. नवरदेव तिच्या मानेवर आला आणि त्याचा शेला तिच्या कानात अडकला. मग ताईंनी सगळ्यांच्या रांगा लावून बरात कदमतालावर मांडवात नेली. नाचणारे मामा हिरमुसले, पण नवरीकडचे लोक आजही त्या बरातीचं नाव काढतात.

मी थट्टा करते, पण खरं सांगू का? त्या बाईचा हात लागतो त्याचं सोनं होतं. शाळेतल्या पोरी कशा, तर एकीच्या घरी तेलुगू, दुसरीच्या बंगाली, तिसरीच्या छत्तीसगढी. ज्यांना डावा पाय कोणता हे विचारल्यावर बूट पाहावे लागतात, अशा पोरी दिवाळी ते संक्रांत एवढ्या वेळात एका पावलानं चालायला लागतात. दरवर्षी सव्वीस जानेवारीला मी मैदानावर जाते आणि दरवर्षी माझे डोळे भरतात.

यंदा मात्र नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासला जाणाऱ्या मुलींच्या आईबापांनी त्यांच्याकडे तक्रार केली, की बँडपायी पोरींचा अभ्यास बुडतो. मॅडमनी शाळेनंतरची प्रॅक्टिस बंद केली. सव्वीस जानेवारीला स्पीकर लावू म्हणाल्या, सगळेच लावतात. ताई त्यांच्याशी भांडल्या. शेवटी असं ठरलं, की सकाळच्या प्रार्थनेआधीच्या वेळात जेवढं बसेल तेवढं बसवा, आणि मॅडमसमोर एकदा पूर्ण करून दाखवा. जमलं तर बँड, नाही तर स्पीकर, आणि वाद्यं कायमची स्टोअरमध्ये.

त्या दिवशी ताई घरी आल्या आणि चहा तसाच ठेवून बसल्या. "वहिनी, बँड गेला त मी शाळेत काय करू? पोरींची नखं तपासू?"

मी चहा परत गरम करून आणला.

आता सांगायची गोष्ट ही, की ताईंना मोबाइलवर फोटोसुद्धा धड मोठा करता येत नाही. पण शाळेच्या कपाटात सरकारी टॅबलेट पडून होते. कॉम्प्युटरच्या बाईंनी त्यात एक ॲप घालून दिलं. पडद्यावर मैदान दिसतं, प्रत्येक मुलगी म्हणजे एक रंगीत ठिपका, आणि बटण दाबलं की ठिपके आपापल्या वाटेनं चालतात. प्रत्येकीनं आपला ठिपका ओळखायचा आणि तो जाईल तसं मैदानावर जायचं. पूर्वी ताई चुन्यानं रेघा मारून, घसा फोडून जे आठवडाभर शिकवायच्या, ते पोरी मधल्या सुट्टीत डबा खाताखाता पाहून घेऊ लागल्या.

ताई त्या ठिपक्यांना टिकल्या म्हणायच्या. मग पोरींनाच टिकल्या म्हणू लागल्या. ड्रमवाल्या निळ्या, बासऱ्यांच्या पिवळ्या. "आज एका पिवळ्या टिकलीचं पोट दुखून राहिलं," असं त्या आमच्या ह्यांना सांगायच्या, आणि हे माझ्याकडे पाहायचे. एकीकडे वरण ढवळायचं आणि एकीकडे टिकल्या चालवायच्या, असं चाललेलं. महिनाभर आम्ही करपलेलं वरण खाल्लं.

उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून पोरी डोक्यावरून स्वेटर ओढून आत टॅबलेट पाहायच्या. सकाळी मैदानावर बिनडोक्याच्या पोरींच्या रांगा. प्रिन्सिपल मॅडमनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

सगळ्यात अवघड होतं ते चक्र. पूर्ण बँडनं गोल उघडायचा, फिरवायचा आणि मंचाकडे तोंड करून मिटवायचा. पहिल्यांदा वाद्यांसकट केलं, त्या दिवशी ताई डबा विसरल्या म्हणून मी तो द्यायला गेले होते. काय सांगू! अर्ध्या पोरी उजवीकडे, अर्ध्या डावीकडे. बासऱ्या ड्रममध्ये घुसल्या. मोठा ढोल गडगडत कडुनिंबाला जाऊन लागला. आणि गंमत अशी, की प्रत्येक पोरगी शपथेवर सांगत होती, की मी माझ्याच टिकलीनुसार गेले.

ताई पायरीवर बसून राहिल्या. मी टॅबलेट हातात घेऊन पाहिला. पडद्यावर मंच तळाशी काढलेला होता. म्हणजे चित्र मंचावरून दिसतं तसं, आणि पोरी तर मंचाकडे तोंड करून उभ्या. काहींनी ते मनात फिरवून घेतलं होतं, काहींनी नाही.

"ताई, मी रांगोळी काढते तेव्हा दाराकडे तोंड करून बसते. दारातून पाहणाऱ्याला ती उलटीच दिसते. हा टॅबलेट उलटा धरून पाहा न."

ताईंनी टॅबलेट खालचा वर केला. तर आतलं चित्र आपोआप फिरून पुन्हा पहिल्यासारखं! त्यांनी परत फिरवला. चित्रही परत फिरलं. ताई संतापल्या. "मी पीछे मुड़ म्हटलं का याले? हुकूम नसताना कावून वळते हा?"

बँडची लीडर लावण्या हसू दाबत पुढं आली आणि तिनं कुठलंसं बटण दाबून त्या टॅबलेटला गप्प केलं. मग चित्र जागचं हललं नाही, आणि पुढच्या काही सकाळी चक्रही सुरळीत मिटू लागलं.

मॅडमना दाखवायचा दिवस आला. मीही गेले, मला घरी बसवेना. मॅडम खुर्चीत बसलेल्या, आणि शेजारी स्पीकरवाला आपले डबे आधीच मांडून उभा. तेवढ्यात कळलं, की चक्राच्या अगदी मधात ट्रँगल, म्हणजे तो टिणटिण वाजणारा लोखंडी त्रिकोण, घेऊन जी मुलगी उभी राहते, तिला ताप भरलाय, ती आलीच नाही. तिच्याभोवती तर सगळं फिरतं. ती नाही म्हणजे चक्र नाही. लावण्या रडवेली झाली. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

ताईंनी गळ्यातली शिट्टी काढून लावण्याच्या गळ्यात घातली. त्या आजारी मुलीची शाळेतच ठेवलेली टोपी आपल्या अंबाड्यावर कशीबशी बसवली, ट्रँगल उचलला आणि बँडमध्ये शिरून मधात उभ्या राहिल्या. रिटायरमेंटला आलेली बाई, साडीखाली कॅनव्हासचे बूट. कोणी हसलं नाही.

लावण्यानं हुकूम दिला. बँड निघाला, चक्र उघडलं, फिरलं. आणि मिटताना ताई चुकल्या! जन्मभर पोरींसमोर उभं राहून शिकवलेलं, त्यांचं उजवं-डावं उलटंच बसलेलं. सगळ्या इकडे वळल्या, ताई तिकडे. एवढ्यात शेजारच्या बासरीवालीनं बासरी ओठांवरून न काढता कोपरानं ताईंना हळूच ढोसलं. दुसरीनं पुटपुटून सांगितलं, "दीदी, इधर." ताई वळल्या. पूर्ण वळल्या. चक्र मिटलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या आणि स्पीकरवाल्याला डबे उचलायला सांगितले.

आम्ही दोघी घरी निघालो. मला वाटलं होतं ताई आनंदानं बोलत सुटतील. पण त्या नुसत्या पावलं मोजत चालल्या होत्या. कोपऱ्यावर वळताना म्हणाल्या, "वहिनी, मधात उभं राह्यलं की बँड वेगळाच ऐकू येते. चारी बाजूंनी येते. अंगावर येते."

"असं?"

"मी शाळेत होती तेव्हा बँड पोरांचा. आमी पोरी कुंपणाच्या बाहेर. मंग मास्तरीण झाली, त समोर उभी. मधात मी कधीच नोती. मले मालूमच नोतं असं वाटते म्हणून."

मला घरातले सगळे लग्नामुंजींचे फोटो आठवले. सगळ्यांना उंचीनुसार उभं करून, माना सरळ करून, फोटो काढणारी ही बाई एकाही फोटोत नाही. मी त्यांचा हात धरला.

थोडं पुढं गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "त्या पोरीचा ताप राहील का हो सव्वीसपर्यंत?"

आणि लगेच जीभ चावली, स्वतःच्याच गालावर दोनदा मारून घेतलं. घरी आल्याबरोबर, बूटसुद्धा न काढता, मुगाची पातळ खिचडी टाकली. ती डब्यात भरून, पोरगी लवकर बरी व्हावी म्हणून, तिच्या घरी द्यायला निघाल्या.