बाहुलीचं लाल स्टूल

बुच्च!

दुपारच्या निजलेल्या घरात तो आवाज एवढा मोठा झाला, की सूनबाईने बाटली पोटाशी कवटाळून डोळेच मिटून घेतले. आतल्या खोलीतलं सासूबाईंचं घोरणं थांबलं. सूनबाईचा श्वासही थांबला. मग कूस बदलल्याची कुरकुर ऐकू आली, घोरणं पुन्हा सुरळीत सुरू झालं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, काय फुटलं?"

आवाज ओट्याखालून आला. ज्या पाच वर्षांच्या चिमणीला थोपटून थोपटून झोपवलं होतं, ती बाहुलीला मांडीवर घेऊन टक्क जागी बसली होती.

"काही नाही गं. सरबत करतेय."

"हे बूच घेऊ? बाहुलीला स्टूल नाहीये."

"घे. पण आता अगदी गप्प बसायचं. आजीला काही म्हणजे काही सांगायचं नाही."

चिमणीने ओठांवर बोट ठेवलं.

बाटलीत लाल वाईन होती. सूनबाई घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती. तिथे पानगळ सुरू झाली की दरवर्षी कुणा एकाच्या घरी सगळे जमायचे आणि घरच्याने सांग्रिया करायची, असं ठरलेलंच होतं. सफरचंद, नाशपाती, संत्री, आलुबुखार चिरायचे, दालचिनी टाकायची आणि वाईनमध्ये रात्रभर मुरू द्यायचं. चिमणीच्या जन्मानंतर ती आत्ता कुठे पुन्हा रुजू झाली होती आणि यंदा पाळी तिची होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

घरात सासूबाई होत्या, हीच काय ती अडचण. मागे एका लग्नात नवऱ्याच्या मामांच्या तोंडाला वास आला, तर सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या आणि तडक थोरल्या मुलाकडे निघून गेल्या. थंडी सरेपर्यंत त्यांनी तोंड दाखवलं नव्हतं. आता त्या तशा गेल्या, तर चिमणीला बघणार कोण? आणि चिमणीला बघायला कुणी नाही, म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं.

म्हणून बरणी फ्रीजच्या तळाशी, कोबीच्या आडोशाला गेली. तरी संध्याकाळी सासूबाईंना ती दिसलीच.

"हे लाल काय गं?"

"सरबत, आई. फळांचं. उद्या ऑफिसची माणसं येणारेत ना."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या आणि कोबी घेऊन गेल्या.

बेत तसा चोख होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवण झालं की मैत्रिणींकडे, म्हणजे नर्समावशी आणि शिवणकाकूकडे, जाणार होत्या आणि रात्री उशिरा परतणार होत्या. सूनबाई निर्धास्त मनाने बर्फ आणायला बाहेर पडली. परत आली, तर दारात चपलांचे दोन अनोळखी जोड आणि दिवाणखान्यात हसण्याचा गलका!

"नर्समावशीच्या घरी रंगकाम निघालंय म्हणे," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "म्हणून ती आणि शिवणकाकू इकडेच आल्यात."

सूनबाईने धावत जाऊन फ्रीज उघडला. बरणी जागेवर होती. आत लाल वाईनही होती. फळं मात्र नव्हती. एक फोडसुद्धा नव्हती.

"आई, बरणीतली फळं?"

"अगं, किती मऊ पडली होती!" दिवाणखान्यातून सासूबाई म्हणाल्या. "सरबताला रंग उतरला, मग फळं ठेवून काय करायची? वाया गेली असती. साय घातली, साखर घातली आणि दिल्या वाट्या भरून."

सूनबाईला भर दुपारी ब्रह्मांड आठवलं. रात्रभर वाईन पिऊन टम्म झालेली ती फळं!

"सांगून टाक," नवरा कुजबुजला.

"तू सांग. तुझी आई आहे."

"म्हणूनच तर." तो चप्पल शोधू लागला. "मी बर्फ घेऊन येतो."

बर्फाची पिशवी तिच्या हातात गळत होती. तरी तो गेलाच.

दिवाणखान्यात नर्समावशीची दुसरी वाटी चालू होती. शिवणकाकूचे गाल आलुबुखारासारखे झाले होते. चिमणीचा हात टेबलावरच्या वाटीकडे गेला आणि सूनबाईने झडप घालून वाटी उचलली.

"तुला नाही!"

"का?"

"तुला खोकला आहे."

"मला कुठे खोकला आहे?"

"होईल!"

मग तिने नर्समावशीकडे मोर्चा वळवला. "मावशी, ठेवा ती वाटी. त्यात ना, माशी पडली होती."

"सगळा जन्म वॉर्डात काढलाय मी, पोरी. माशीचं काय घेऊन बसलीस?" नर्समावशीने वाटी खरवडली.

सूनबाई स्वयंपाकघरात पळाली, हाताला लागलं ते ताजं फळ चिरून तिने नव्या वाट्या आणल्या. शिवणकाकूने एक फोड चावली आणि वाटी परत केली.

"ही नको गं बाई. ही नुसतीच फळं आहेत."

त्यानंतर शिवणकाकूला काय सुचलं कोण जाणे, तिने सासूबाईंच्या लग्नातल्या पोलक्याची डावी बाही आपण उजवीकडे शिवली होती, हे इतक्या वर्षांनी कबूल केलं. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या इतकं हसू शकतात, हे सूनबाईला ठाऊकच नव्हतं.

शिवणकाकू डुलत उठली. "चला, निघते मी. सायकलवरून जायचंय. पुढच्या चौकात ट्रक फार."

आता मात्र सूनबाईला राहवेना. डोळ्यांपुढे सायकल आली, ट्रक आला. ती दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"काकू, सायकल नको! त्या फळांत वाईन होती. ते सरबत नव्हतंच. आई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, पदराने ओठ टिपले.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दालचिनी जरा जास्त झालीय."

सूनबाईचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"काल बाहुलीचं स्टूल नाकाशी धरलं मी. सरबताला बूच लागतं होय गं?"

"मग ह्या दोघी?"

"हिने रात्रीच फोन केला," नर्समावशी म्हणाली. "रंगकाम कसलं नि काय! फळं खायला आलो आम्ही."

"आणि मला सायकल येते कुठे?" शिवणकाकू पुन्हा आरामात बसली. "तू बोलतेस की नाही, तेवढंच बघत होतो."

"पण आई, मामांच्या वेळी तुम्ही..."

"मामा पोराबाळांना गाडीत घालून निघाले होते. मी अडवलं, तर म्हणाले, सरबत प्यायलोय." सासूबाईंचा आवाज क्षणभर कडक झाला. "राग त्या सरबताचा होता."

"तुम्ही थोरल्या भावजींकडे जाणार?" सूनबाईने कसंबसं विचारलं.

"आणि सोमवारी हिला कोण बघणार? चल, सफरचंदं काढ. बिनफळांची बरणी पुढे ठेवणारेस का माणसांच्या?"

तिघी सुऱ्या घेऊन बसल्या. तेवढ्यात नवरा बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन दारात उगवला आणि उसन्या उत्साहाने म्हणाला, "काय मग आई, कसं झालंय सरबत?"

नर्समावशीला ठसका लागला.

चिमणी बाहुलीला बुचावर बसवत होती. तिने मान वर केली.

"आई, आजीला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, काकूलापण माहीत होतं. मग मी कालपासून गप्प कशाला बसलेय?"