पटलेबाबूंची रिस्क

पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा पटलेबाबूंनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, जीभ पोळली तं रिस्क कोणाची?"

मी नागपूरहून नुकतीच आलेली. हसावं की घाबरावं, कळेना. आमचे हे जंगल खात्यात नाकेदार. त्यांना सवय होती. "आमची," ते म्हणाले. तेव्हा कुठे बाबूंनी चहा बशीत ओतला, आणि एवढी फुंकर घातली की निम्मा धोतरावर गेला.

पटलेबाबू दरेकशाच्या स्टेशनावर मालबाबू होते. राज्य इंग्रजांचं होतं. लाख, मोहफुलं, बांबू, जंगलातून निघेल ते त्यांच्या हातून गाडीत चढे. भाडं दोन तऱ्हेचं असे. वाटेत माल बिघडला तर रेल्वेनं भरून द्यायचा, त्याचं भाडं जास्त. धन्यानं स्वतःच्या जबाबदारीवर पाठवला तर कमी. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला विचारावंच लागे, "बोला, रिस्क कोणाची?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात असा बसला, की कचेरीला कुलूप लागलं तरी तो काही बंद होईना.

बाजारात वांगी घेताना ते विचारत, "किडकं निघालं तं?"

"घ्याचं तं घे, नाई तं ठेव खाली!" भाजीवाली टोपलीच ओढून घेई.

एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाच्या बापाला हळूच विचारलं, "पोरगं पळालं तं रिस्क कोणाची?" जेवण होईपर्यंत त्यांना मांडवाबाहेर बसवलं होतं.

स्टेशन सोडलं तर इंग्रजी येणारं गावात कोणी नव्हतं, त्यामुळे रिस्क म्हणजे नेमकं काय यावर बरीच चर्चा चाले. पाणी भरायला येणारी फुलवंती म्हणे, तो आजार आहे. "बाबूले लहानपणी रिस्क झाली व्हती, अजून उतरली नाई." गुराख्याचं म्हणणं, ती स्टेशनापलीकडच्या बोगद्यात राहते आणि गाडीबरोबर बाहेर येते. मी एकदा बाबूंनाच विचारलं. ते म्हणाले, "जे होऊन नाई राहिलं, पन होऊ शकते, ते."

त्यांच्या दृष्टीनं सगळंच होऊ शकत होतं. चिंचेखाली उभे राहत नसत. बाराही महिने छत्री, कारण माकडं. पाणी दोनदा उकळून पीत. कुटुंब आधीच्या स्टेशनावरूनच गावाकडे पाठवलेलं. इथे आणा म्हटलं की हात हलवत.

पण खरा जाच मला होता. माझी सुशी चार वर्षांची, पायाला भिंगरी. ती अंगणातून बाहेर पडली की पाच मिनिटांत बाबू दारात. "वहिनी, पोट्टी विहिरीकडं जाऊन राहिली." "वहिनी, पोट्टीनं बोर खाल्लं, बी गिळलं." "पोट्टीले उन्हात काऊन सोडता?" मला राग येई. हळूहळू मीही तिच्या प्रत्येक शिंकेला दचकू लागले. म्हटलं, या माणसाची रिस्क मलाही झाली.

पावसाळा सरता सरता सुशीला ताप भरला. हे जंगलात गेलेले. दुपारपर्यंत अंग निखाऱ्यासारखं झालं, डोळे फिरू लागले. वैदूचं औषध पोटात ठरेना. गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं तर पॅसेंजर संध्याकाळी. मी तिला उचलून स्टेशनावर धावले.

फलाटाला मालगाडी उभी होती. बाबूंनी सुशीच्या कपाळाला हात लावला आणि तडक गार्डाच्या डब्याकडे निघाले.

गार्ड म्हणाला, "औरत और बच्ची को मेरे डब्बे में? मेरी नौकरी जाएगी! किसके हुकम से?"

"मेरी रिस्क," बाबू म्हणाले.

"साहब पूछेगा तो?"

"बोल दिया ना, मेरी! सारी मेरी!"

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की स्टेशनमास्तर चष्मा सावरत बाहेर आले. "पटले, कुठं निघालात? कचेरी उघडी आहे!" बाबूंनी मागे बघितलंही नाही. मला हात देऊन वर घेतलं आणि स्वतःही चढले. अनवाणी.

गाडी बोगद्यात शिरली. अंधारात मला सुशीचा श्वास ऐकू येईना. बाबू तिच्या तळपायाला हात चोळत होते आणि पुटपुटत होते, "आलं गोंदिया, माय, आलं." गोंदिया अजून कितीतरी लांब होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली आणि विचारलं, "मुलीचं नाव?"

मी तोंड उघडायच्या आत बाबू म्हणाले, "गोदा."

मी त्यांच्याकडे बघितलं. आपण काय बोललो, हे त्यांना कळलंही नव्हतं. मग मीही ते नाव तसंच राहू दिलं. दवाखान्यात सगळे तिला गोदाच म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सुशीनं पेज मागितली. बाबू वाटी घेऊन खाटेपाशी बसले, चमच्यावर फुंकर घालू लागले.

"बाबू," ती म्हणाली, "हे लोक मला गोदा काऊन म्हणतात? गोदा कोण?"

चमचा हवेतच राहिला.

"माही पोट्टी," बाबू म्हणाले. "तुह्याएवढीच. तिलेबी असाच ताप आला व्हता." त्यांनी चमचा पुन्हा वाटीत ठेवला. "मालगाडी उभी व्हती, माय. पन म्या पॅसेंजरची वाट पाहात बसलो."

सुशीला त्यातलं काहीच कळलं नाही. तिनं पेजेसाठी तोंड उघडलं.