डिपॉझिटवाल्या इंदूअक्का

इंदूअक्का जोंधळे निवडायला लोकांच्या घरी जायच्या. जोंधळे स्वतःचे, सूपही स्वतःचं. घर मात्र दुसऱ्याचं, आणि तेही अशा माणसाचं, ज्यानं कुणाचं तरी डिपॉझिट दाबून ठेवलंय.

रविवारी सकाळी आंघोळ-पूजा उरकून त्या निघायच्या. एका हातात सूप, दुसऱ्या हातात दोन किलो जोंधळ्यांची पिशवी. घरमालकाच्या व्हरांड्यात चपला काढायच्या आणि भिंतीला पाठ टेकून बसायच्या. आरडाओरडा नाही, भांडण नाही. मालक बाहेर आला की एवढंच म्हणायच्या, "लेक्का कोड्री." म्हणजे हिशोब द्या. मग पुन्हा मान खाली घालून खडे वेचायला सुरुवात.

अक्का मूळच्या निपाणीच्या. बंगलोरजवळ बोम्मसंद्र्याला पाइपच्या कारखान्यात टायपिस्ट होत्या. सकाळी सातला कंपनीची बस पकडायच्या. वय पन्नाशी ओलांडलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मारतहळ्ळीला आमच्या इमारतीत मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मारतहळ्ळी म्हणजे तेव्हा चार इमारती झाल्या की मध्येच एक नाचणीचं शेत, असा प्रकार होता.

आम्ही पुण्याहून तिथं आलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्याला. नवरा सतीश आणि मी, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. बंगलोरची रीत ऐकून मला घामच फुटला होता. घर भाड्यानं घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं आगाऊ डिपॉझिट म्हणून मोजायचं. वर ब्रोकरचं एका महिन्याचं वेगळं. आम्ही सामान उतरवत होतो, तेवढ्यात एक ठेंगणीशी बाई वही घेऊन सरळ आत शिरली.

"खिळे मोजलात?"

"कसले खिळे?"

"भिंतीतले हो. हॉलमधी सात हायत. लिहा. न्हाणीघराचं दार खालून कुजलंय. लिहा. आत्ता लिहिलं नाही तर जाताना तुमच्या नावावर पडतंय बघा."

मी लिहिलं. एक फुटकी फरशी, दोन गळके नळ, एक बंद न होणारी खिडकी. मग अक्का म्हणाल्या, "चला, मालकाची सही घेऊ. मी येतो संगट." मी दचकून पाहिलं. पुढे कळलं, तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आमचे मालक रिटायर्ड पोस्टमास्तर, सज्जन माणूस. अक्कांना पाहताच त्यांनी काही न वाचता सही ठोकली. त्यावर अक्काच त्यांना रागावल्या. "न वाचता सही करायची नाही. वाचा आधी."

त्यांना सगळ्यात जास्त राग राउंड फिगरचा. रंगाचे पाच हजार, साफसफाईचे हजार, असं कुणी म्हणालं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "खर्च झाला असला तर आकडा वाकडातिकडा असतोय. राउंड फिगर म्हणजे मनातनं काढलेली."

त्यांचा खरा पराक्रम मी पाहिला तो देशकरच्या वेळी. देशकर माझ्या ऑफिसातला, नागपूरचा, अतिशय भिडस्त मुलगा. लग्न ठरलं म्हणून त्यानं सर्जापूर रोडला मोठं घर पाहिलं. तिथल्या मालकानं पंधरा दिवसांची मुदत दिली होती. जुन्या घराचे तीस हजार हातात पडल्याशिवाय नव्याचं भरणार कुठून? आणि जुना मालक नारायणप्पा त्याच्या हातावर अठरा हजार टेकवून मोकळा झाला. रंगाचे सहा हजार, साफसफाईचे दोन, किरकोळ दुरुस्तीचे दोन. शिवाय ब्रोकरनं 'चावी परत करून घेण्याची फी' म्हणून दोन हजार कापून घेतले होते. अशी फी असते हे देशकरला खरंच वाटलं होतं.

"चावी परत घ्यायला दोन हजार?" अक्कांनी विचारलं. "चावी काय सोन्याची आहे?"

पहिल्या रविवारी आम्ही तिघं नारायणप्पांकडे गेलो. अक्का सूप घेऊन बसल्या. नारायणप्पा बाहेर आले आणि त्यांचं कानडी ऐकून हसले. निपाणीकडचं कानडी बंगलोरच्या लोकांना जरा रांगडं वाटतं.

"हे पोर दोन वर्षं राहिलं. भिंती काळ्या झाल्या," ते म्हणाले.

"रंग शेवटचा कधी लावला होता?"

"सहा वर्षं झाली असतील."

"म्हणजे चार वर्षं आधीच काळ्या होत होत्या. भिंत म्हातारी झाली, त्याचे पैसे पोराकडनं घेताय?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "बरं, सहा हजारच कसे? पाच हजार आठशे चाळीस का नाही? पावती दाखवा की."

पावती नव्हती. नारायणप्पा आत गेले आणि दार लावून घेतलं. अक्का दुपारपर्यंत बसल्या. निघताना दाराकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पुढच्या रविवारी येतो."

बुधवारी संध्याकाळी त्या कारखान्यातून परस्पर ब्रोकरकडे गेल्या. ब्रोकरचं ऑफिस म्हणजे एका एसटीडी बूथमधली दोन खुर्च्यांची जागा. एकीवर ब्रोकर, दुसरीवर अक्का. घर शोधायला आलेली माणसं उभी राहायची. त्यातल्या प्रत्येकाला अक्का प्रेमानं विचारायच्या, "चावी परत द्यायची फी किती ते विचारून घेतलंत का?" तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर ब्रोकरनं दोन हजार काढून त्यांच्या हातात दिले. अक्कांनी त्याला पावती लिहून दिली. त्याला ती नको होती, तरी दिली.

दुसऱ्या रविवारी नारायणप्पांच्या बायकोनं अक्कांना कॉफी आणून दिली. अक्का म्हणाल्या, "तुमच्या घरची कॉफी छान आहे. पण ह्या पोराचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. बायकोला आणून कुठं ठेवायचं त्यानं?" बाई आत गेल्या आणि बराच वेळ त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

त्याच दिवशी दुपारी नारायणप्पा बाहेर आले. हातात नोटा होत्या. तुटलेल्या कडीचे एकशे चाळीस रुपये कापून बाकी सगळे पैसे. कडीची पावती जोडली होती.

"बघा," अक्का देशकरला म्हणाल्या, "आता आकडा वाकडा आला."

देशकर रडायचाच बाकी होता. त्यानं अक्कांना साडी आणली, ती त्यांनी परत केली. म्हणाल्या, "बायकोला घेऊन जेवायला ये, तेवढं पुरे." तो येतो म्हणाला.

एकदा मी विचारलं, "अक्का, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? आमचे हे गेले, महिन्याभरात मी जयनगरचं घर सोडलं. मालक म्हणाला, व्यवहार तुमच्या नवऱ्याशी झाला होता, तुम्हाला त्यातलं काय कळतंय? आलो तसाच परत."

"मग?"

"मग काय? पुढच्या वेळेपासनं सूप घेऊन गेलो."

तीन वर्षांनी सतीशला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. तो पुढे गेला. मी राजीनाम्याचा महिना काढायला मागे राहिले. सामान, ट्रक, पुण्याच्या घराचे पैसे, सगळं डिपॉझिटवर अडलेलं होतं. अक्कांनी मला बजावलं, "तुम्ही मालकाकडे जायचं नाही. मी बघतो."

मी निर्धास्त होते. पोस्टमास्तरांसारखा मालक आणि अक्कांसारखी वकील. पण आठवडा झाला, काही हललं नाही. अक्का संध्याकाळी यायच्या, कामाची प्रगती सांगायला म्हणून बसायच्या. "मालक गावाला गेलेत." दोन दिवसांनी, "आलेत, पण चेकबुक संपलंय म्हणे." मग तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा. मला भाकरी थापायला शिकवायच्या, माझी भाकरी दर वेळी तव्यावर मोडायची आणि त्या दर वेळी उद्या जमेल म्हणायच्या. सतीश रोज फोनवर चिडायचा. शेवटी मलाही वाटू लागलं, अक्कांचं वय झालं.

एका शनिवारी भाजीच्या गाडीपाशी मालकच भेटले. मी धीर करून विषय काढला.

"चेक?" ते चकित झाले. "वो तो अक्का ले गयी. पंद्रह दिन हो गए. पूरा पैसा दिया मैंने, कुछ नहीं काटा."

मी भाजी तशीच टाकून मागच्या खोल्यांकडे गेले. दार उघडं होतं. अक्का स्टोव्हपाशी होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"अक्का, चेक तुमच्याकडे आहे?"

"आहे की."

एक सबब नाही. त्या उठल्या, कपाटातल्या साड्यांच्या घडीतून चेक काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पंचवीस हजार, सतीशच्या नावाचा. त्याबरोबर एक लिफाफाही होता.

"हे काय?"

"पंधरा दिवसांचं व्याज. बँकेच्या दरानं काढलंय. एक्कावन्न रुपये आणि वर चिल्लर आहे. मोजून घ्या. दुसऱ्याचे पैसे दाबून ठेवले की व्याज द्यायला लागतंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खाली बसले. "पण का, अक्का?"

त्यांनी पदराचं टोक सरळ केलं.

"तो देशकर येतो म्हणून गेला. त्याच्याआधी त्या दोघी बहिणी. त्याच्याआधी कारवारचं जोडपं. सगळ्यांचं पै न् पै काढून दिलं मी. पैसे हातात पडले की माणूस जातंय बघा." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुमचं काम तर दहा मिनिटांत झालं. मला बसूसुद्धा दिलं नाही त्यांनी. एवढ्या लवकर होऊन जाईल असं वाटलं नव्हतं मला."

पुण्याच्या घराला अजून दहा दिवसांची मुदत होती. ट्रकवाल्याला मी नक्की तारीख दिली नव्हती. मी चेक आणि लिफाफा दोन्ही उचलून त्यांच्या हातात दिले.

"हे अजून आठ दिवस तुमच्याकडेच राहू दे."

"व्याज वाढतंय," अक्का म्हणाल्या.

"वाढू दे."

त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि कॉफीसाठी दुसरा पेला घेतला.

संध्याकाळी सतीशचा फोन आला. हॅलो म्हणायच्या आधीच त्यानं विचारलं, "मिळालं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "मालक परत गावाला गेलेत."