सांबाराच्या वाफ्यातले साहेब

भर वैशाखात अंगात काळा लोकरी कोट घालून सांबाराच्या वाफ्यात बसणारा माणूस आमच्या नालवाडीत एकच होता, गुलाबकाका. सांबार म्हणजे तुमची पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. आणि वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतला नाही, त्याला या कोटाचं मोल कळायचं नाही. त्या दिवसांत आमच्याकडची कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. आणि हे महाराज गळ्यापर्यंत बटणं लावून, खाली धोतर, डोक्यावर ओला दुपट्टा आणि समोर टोपली उलटी घालून लिंबाखाली बसलेले. ती टोपली म्हणजे साहेबाचं टेबल. गुलाबकाका पोट्ट्यांचे इंटरव्ह्यू घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, भाजीवाल्या माणसाचा आणि इंटरव्ह्यूचा काय संबंध? आहे ना. काकांनी विहिरीवर मोटर बसवायला वीज मागितली होती, त्या कामासाठी ते एकदा दिवसभर एका कचेरीच्या बाकावर बसून राहिले. नेमक्या त्याच दिवशी आत लाइनमनचे इंटरव्ह्यू सुरू होते आणि दाराला फट होती. वीज काही त्या दिवशी मिळाली नाही, पण इंटरव्ह्यू काकांना पाठ झाला. त्या भांडवलावर त्यांनी आपल्या मुलाला, दिगूला घोटून घोटून तयार केलं, आणि दिगूला भिलाईकडं एका कारखान्यात नोकरी लागली. झालं. तेव्हापासून वस्तीतलं कोणतंही पोरगं आयटीआय किंवा डिप्लोमा होऊन घरी रिकामं बसलं की त्याचा बाप म्हणायचा, जा लेका, गुलाबरावाकडं जाऊन बस.

कोट अंगात शिरला की काका काका राहत नसत. ते हिंदी बोलायला लागायचे. साहेब मराठी बोलतच नाही, हे त्यांनी दाराच्या फटीतून पक्कं ऐकलेलं होतं. माझ्या बारशाला ज्यांनी पोटभर जेवून घेतलं, ते मला रोज विचारायचे, "आपका शुभ नाम?" एकदा काकी चहा घेऊन वाफ्यापर्यंत आली, तर कोटातून आवाज आला, "मॅडम, अपॉइंटमेंट लिया है क्या?" काकीनं कपबशी टोपलीवर आपटली आणि माहेरच्या भाषेत जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकांनी कोट काढला, मुकाट्यानं चहा प्यायला आणि परत घातला.

मी त्यांच्या हाती लागलो तो अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला होता आणि माझी अवस्था फार वाईट होती. वाचलेलं सगळं येत होतं, पण टेबलापलीकडं माणूस दिसला की तोंडाला कुलूप. दोन इंटरव्ह्यूंत मी स्वतःचं नाव सांगून जो थांबलो तो थांबलोच. तेवढ्यात नागपूरच्या एका पंपाच्या कंपनीचं बोलावणं आलं. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पंप विकायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, असं काम. बाबांनी साफ सांगितलं की हीही गेली तर हिंगणीला मामाच्या आटाचक्कीवर बसायचं. मामा चांगला होता, पण त्याच्या भुवया मी कधी काळ्या पाहिल्या नव्हत्या. चक्कीवर बसलेला माणूस आमच्याकडं चक्कीवरच म्हातारा होतो. मला भीती वाटायची ती याची.

काकांनी पहिल्याच दिवशी माझी नाडी ओळखली. मी त्यांच्या समोर बसलो, नाव सांगितलं आणि गप्प. त्यांनी कोट काढला. कोट काढल्याशिवाय ते सल्ला देत नसत.

"सुध्या, तुया हाताले काम नाई, म्हणून तुयं तोंड बंद पडते. बाजारातल्या बाया पाह्य. हात चालू, तोंड चालू."

असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं उपटलेल्या सांबाराचा ढीग लोटला. केळीच्या सालाच्या ओल्या पट्ट्या दिल्या. जुडी धरायची, पट्टी गुंडाळायची, गाठ मारायची, बुडखे सारखे करायला टोपलीवर दोनदा आपटायची, वर पाण्याचा शिपका मारायचा आणि बाजूला ठेवायची. हे करत करत उत्तरं द्यायची. आणि काय सांगू, मी बोलायला लागलो! ओहमचा नियम, मोटरची वाइंडिंग, पंपाचा फुटव्हॉल्व्ह, सगळं घडाघडा. हात जुड्या बांधताहेत आणि तोंड रेडिओसारखं चालू आहे.

काकांचे प्रश्न मात्र कोणत्याच पुस्तकातले नसायचे. "पंखे से साहब का कागज उड़ गया, आप क्या करेंगे?" याचं बरोबर उत्तर, कागद पकडायचा पण वाचायचा नाही. "चाय आई तो?" तर नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आली तरच घ्यायची, आणि बशीत तर मुळीच ओतायची नाही. एकदा विचारलं, "किसान की मोटर जल गई, किसान रो रहा है, आप क्या करेंगे?" मी म्हणालो, आधी फ्यूज पाहीन, मग वाइंडिंग तपासीन. काकांनी मान हलवली. त्यांचं उत्तर होतं, पहिले त्याच्याजवळ बसाचं, मोटर कुठं पळून चालली हाय. आता हे मी नागपूरच्या साहेबाला सांगायचं होतं म्हणे!

आणि शेवटी निकाल. तो कधी बदलत नसे. कोट काढून, घडी घालून ते म्हणायचे, "नापास. उद्या येजो."

कितीही चांगली उत्तरं द्या, नापास. नाचणगावचा एक पोरगा पॅसेंजर पकडून यायचा. त्याला पुलगावातच नोकरी लागली, पेढे घेऊन आला, तरी काकांच्या लेखी तो नापासच होता. वस्तीतल्या लोकांना यातली गोम माहीत होती. म्हातारा मोठा वस्ताद आहे, पोट्टे पास केले तर सांबार फुकटात कोण बांधून देईल, असं ते हसून म्हणायचे. मलाही तेच वाटायचं. पण जुड्या बांधताना जीभ मोकळी होत होती, काकीचा चिवडा झकास असायचा, म्हणून मी जात राहिलो.

इंटरव्ह्यूचा दिवस आला. नागपूरला कंपनीच्या मोठ्या खोलीत तीन साहेब बसलेले. मधल्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "आपका शुभ नाम?" मी मनातल्या मनात काकांना दंडवत घातला. नाव सांगितलं. पुढचा प्रश्न आला पंपाच्या हॉर्सपॉवरचा. आणि बसलं की हो कुलूप! उत्तर ओठापर्यंत येतं आणि परत फिरतं. मला समोर सांबार दिसेना. दोन्ही हात मांडीवर मेल्यासारखे पडलेले. डोळ्यांपुढं मामाच्या भुवया.

पुढं काय झालं ते मला नीटसं कळलंच नाही. एवढंच कळलं की मी बोलू लागलो आहे आणि झकास बोलतो आहे. हॉर्सपॉवर झाला, विहिरीची खोली झाली, पाइपाची जाडी झाली. साहेब लोक काही विचारत नव्हते, नुसते माझ्या हातांकडं बघत होते. म्हणून मीही खाली पाहिलं. टेबलावरच्या तिन्ही साहेबांच्या पेन्सिली, पेनं आणि फूटपट्टी मी गोळा केली होती. फाइलीची लाल नाडी सोडवून त्यांची घट्ट जुडी बांधली होती. बुडखे सारखे करायला टेबलावर दोनदा आपटलीही होती. आणि आता माझा उजवा हात मधल्या साहेबाच्या ग्लासात होता. मी थांबायला पाहिजे होतं. पण सवय ती सवय. शिपका मारला गेला. जुडीवर थोडा आणि साहेबाच्या चष्म्यावर बराच.

मधल्या साहेबानं चष्मा पुसला. "यह क्या है?"

"जुडी, साहब."

त्यानं जुडी बोटानं फिरवून पाहिली. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "अच्छा. बेचो मुझे."

आता मला सांगा, नालवाडीचा माणूस जुडी विकायला लाजतो का? मी ती उचलली, त्याच्या नाकाखाली धरली आणि सुरू झालो. सकाळचीच तोडलेली आहे साहेब, पानाला डाग नाही, वास घेऊन पाहा, बाईसाहेब खुश होतील. साहेबानं फूटपट्टीचा वास घेतला. दुसऱ्या साहेबानं भाव पाडून मागितला, तर मी जुडी परत टोपलीत ठेवायला निघालो, आणि टोपली नाही म्हणून त्याच्याच मांडीवर ठेवली. तिघंही हसत सुटले. शिपाई दार उघडून बघून गेला. मी बाहेर पडलो तो हिंगणीची गाडी किती वाजता आहे हे विचारतच.

आणि पुढच्या महिन्यात मला घेतल्याचं पत्र आलं! नेमणूक जबलपूरला, ताबडतोब रुजू व्हा. दुसऱ्याच सकाळी निघायचं होतं. त्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन काकांकडं गेलो. ते विहिरीवर हातपाय धूत होते. काकीनं पेढा घेतला, देवापुढं ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. मी चेष्टेनं म्हणालो, आता तरी काका मला पास करतील ना?

काकी म्हणाली, "दिगूले यायनं पास केलं होतं, बाप्पा. 'पास,' म्हनले, 'आता तुले येथं येयाची गरज नाई.' पोट्टं गेलं ते गेलंच. आता त्याचं कार्डही येत नाई. तवापासून यायच्या तोंडून कोनासाठी पास शब्द निंगत नाई."

आम्ही सगळे मूर्ख सांबाराचा हिशेब करत बसलो होतो.

तेवढ्यात काका आले. बातमी ऐकली, मान डोलावली, घरात जाऊन कोट घालून आले आणि टोपली उलटी करून बसले. "बैठिए," म्हणाले. मी बसलो. सांबार ओढून घेतला आणि जुड्या बांधायला लागलो.

"आपका शुभ नाम?"

मी सांगितलं.

"पोस्टिंग कहाँ?"

"जबलपूर, साहब."

"जबलपूर," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच एक जुडी उचलली, बांधली, आपटली, पुन्हा सोडली. "छुट्टी मिलेगी तो..." म्हणाले आणि अडले. हिंदी संपली असावी. मान खाली घालून, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या त्या कोटातून गुलाबकाका पहिल्यांदाच आमच्या भाषेत बोलले.

"येशीन ना रे तू?"

येईन काका, म्हणालो. नक्की येईन.

त्यांनी सावकाश एकेक बटण काढलं. कोटाची घडी घातली.

"नापास," म्हणाले. "उद्या..."

उद्या मी गाडीत असणार होतो. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"दिवाळीले येजो."

मी दिवाळीला गेलो. त्यांनी कोट घातला, इंटरव्ह्यू घेतला आणि नापास केलं. पुढच्या दिवाळीलाही केलं. पंप विकता विकता माझा कंपनीत चांगला जम बसला, लग्न झालं, बायकोलाही त्यांनी टोपलीपुढं बसवून नापास केलं. गुलाबकाका होते तोवर आमच्यापैकी कोणीच पास झालं नाही. आणि एकही दिवाळी आम्ही चुकवली नाही.