भास्करदादांचा ‘आपला माणूस’

भास्करदादा भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवत नाहीत. घरी नाही, हॉटेलात नाही, लग्नातही नाही. माझ्या भाचीचं लग्न वैशाखरे गावात, शाळेच्या पटांगणात होतं. पंगत मांडवाच्या मधोमध बसलेली. दादा ताट उचलून थेट शाळेच्या भिंतीशी जाऊन बसले. जिलबी वाढणारे तिथपर्यंत काही पोचले नाहीत. “मास्तर, पाठ उघडी टाकून जेवणारा माणूस फार दिवस जगत नाय,” असं मला सांगून त्यांनी वरणभातावर समाधान मानलं.

भातसानगरला आमची घरं शेजारी-शेजारी. मी शाळामास्तर, तर दादा धरणाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पाणी सोडायच्या वेळी खालच्या गावांना भोंगा द्यायचा, दरवाजे उचलायचे आणि टाकायचे, हे काम त्यांनी उभी हयात केलं. पण मनातून ते गुप्तहेर. फोन उचलला की “बोला, लाइन सेफ हाय.” दूधवाल्यानं म्हैस व्याल्याचं सांगितलं तरी यांचा प्रश्न, “खबर पक्की का?” बाजारातून एकाच रस्त्यानं ते दोनदा परत येत नाहीत, त्यामुळे कोथिंबीर घरी येईपर्यंत सुकते. शालिनीवहिनी म्हणतात, “कसले हेर! कपाळावरचा चष्मा सापडत नाय यांना.”

हे सगळं आलं एका सिनेमातून. म्हणजे सिनेमांच्या माळेतून. परदेशी गुप्तहेराचे हे सिनेमे आमच्या वडलांच्या काळापासून निघतायत. नट म्हातारा झाला की बदलतात, हेर तोच राहतो. दादांनी त्यातला एकही भाग सोडलेला नाही. त्या हेराचं नाव मात्र ते घेत नाहीत. “आपला माणूस” म्हणतात. “आपला माणूस कामावर असला की जगाला झोप लागते,” असं ते इतक्या अभिमानानं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा चुलतभाऊच आहे.

परवा बऱ्याच वर्षांनी नवीन भाग आला. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काळा गॉगल लावला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. कल्याणला दुपारचा खेळ. खुर्च्या शेवटच्या रांगेतल्या. पाठीला भिंत.

सिनेमा सुरू झाला आणि आपला माणूस समुद्राकडे बघत बसला. बसला तो बसलाच. मग त्याला लहानपण आठवलं. मग तो रडला. खलनायकाला नेमकं काय हवंय, ते बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या रांगेत कोणीतरी घोरू लागलं. मी हळूच दादांकडे पाहिलं. ते ताठ बसून होते. “थांबा मास्तर. माणूस थकतो कधीकधी. आता उठंल बघा.”

उठला. एका प्रचंड धरणावर गेला. दादा पुढे सरकून बसले. हेरानं कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि दुमजली घराएवढा दरवाजा कपाटाच्या फळीसारखा खटकन वर गेला.

“असा नाय उचलत!” दादा ओरडले. “इंचा-इंचानं घ्यायचा असतो तो!”

बाजूची मंडळी शू-शू करू लागली. पडद्यावर पाण्याचा लोंढा सुटला. खलनायकाची गाडी वाहून गेली, पूल गेला, आणि मागे कोपऱ्यात पाच-सहा कौलारू घरं होती, तीही गेली. हेर मोटारसायकलवर बसून नायिकेकडे निघाला. दादा उभे राहिले.

“भोंगा! अरे भोंगा दिला नाय त्यानं!”

दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला. मी दादांना हाताला धरून खाली बसवलं. उरलेला सिनेमा त्यांनी मान खाली घालून काढला.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, “जाऊ द्या दादा, एखादा भाग पडतो.”

“सिनेमा पडू दे हो. ती खालची माणसं? एकदा तरी वळून बघायचं होतं त्यानं.”

शहापूर मागे पडलं. ऊन उतरायला लागलं होतं. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या पाड्याजवळ दादांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “गाडी इथं लावा. सोनामावशीला स्टोरी सांगायची हाय.”

पायवाटेनं चालता चालता ते बोलले. बऱ्याच वर्षांपूर्वी पाणी सोडायचा हुकूम आला. भोंगा झाला, दोनदा. नियमाप्रमाणं दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या पात्रातल्या खडकांत एक बाई वाकून चिंबोऱ्या-खेकडे धरतेय. मान वर करीना. “समजलो, हिला ऐकू येत नाय. दरवाज्याला हात लावला नाय मी. खाली पळालो.”

“आणि हुकूम?”

“उशीर का झाला, ते लिहून दिलं. पात्रात बाई होती. साहेबांनी वाचून सही केली.”

एवढ्या वर्षांच्या शेजारात हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सोनामावशी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या, एकट्याच. दादांना पाहताच त्यांनी सूप बाजूला सारलं आणि बोटांचं पिस्तूल करून माझ्याकडे रोखलं. दादा हसले. “विचारते, आला का आपला माणूस. कधी थेटरात गेली नाय. दर भाग मी इथं येऊन सांगतो.”

मग ते अंगणात उभे राहिले आणि सांगू लागले, हातांनी, डोळ्यांनी, सगळ्या अंगानं. समुद्र त्यांनी चुटकीसरशी उरकला. रडणं गाळलं. विमान उडालं, गाड्या धडकल्या, मावशी टाळ्या पिटत होत्या. धरण आलं. दादांचा हात बटणावर गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी डोळ्यांना दुर्बीण लावली. मान हळूहळू खाली वळली. मग एकदम ते अंगणभर पळत सुटले, सत्तरीचा माणूस, नसलेल्या खडकांवरून उड्या मारत. वाकून त्यांनी कुणाचा तरी हात धरला आणि ओढत ओढत ओट्यापाशी आणून सोडला.

मावशींनी पदरानं डोळे टिपले. मग माझ्याकडे वळून त्यांनी तळवा उलटा-सुलटा केला. खरंच असं होतं?

मी मास्तर माणूस. मान डोलावली आणि हातांनीच सांगितलं, अगदी अस्संच होतं.