तेजस्विनीबाईंची इटलीची मोहीम

गोदातीरी नाशिक शहरी जे घडले, ते जैसे पाहिले व ऐकिले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही. इगतपुरीकडील भातशेतीवाले राजमान्य सावळीराम, त्यांची कन्या तेजस्विनीबाई अर्थशास्त्राच्या एम.ए.स होती, आणि तिने प्रबंधास विषय घेतला तो ऐसा की, महायुद्धानंतर इटलीतील लहान पक्षांनी अर्थनीती कैसी घडविली. वर्तमान फुटताच आप्तेष्ट हैराण जाहले आणि म्हणो लागले जे, नाशकात राहून कांदा सोडिला, इटली कशास धरिली. बाईंनी मसलत बदलिली नाही.

मग तोंडी परीक्षेचा दिवस नेमिला आणि पुण्याहून परीक्षक शेखरसाहेब, बहुत दराऱ्याचे, मजल दरमजल चालोन आले. प्रबंध माघारी फिरता तर बाईंचे वर्ष जाते आणि कॉलेजाने देऊ केलेली शिकविण्याची जागाही जाते. मार्गदर्शक उज्वलाबाई पाठीशी खंबीर बसल्या, परंतु नियमाने त्यांस बोलण्याची मनाई.

साहेबांनी पहिलीच तोफ डागिली. "शेकडा दोन-तीन मतांचे पक्ष. ते काय अर्थनीती घडवणार?"

बाई पेलाभर पाणी प्याल्या, आणि मग अर्ज केला जे, सत्तेचाळीस साली महागाईने मुलूख जेर केला, तेव्हा अर्थसंकल्पाचे खाते उदारमतवादी या लहान पक्षाकडे होते, त्यांनी बँकांचे कर्ज आवळिले आणि महागाई आटोक्यात आणिली; आणि एक्कावन्न साली रिपब्लिकन या दुसऱ्या लहान पक्षाच्या मंत्र्याने परदेशी मालावरील बंधने बहुतेक उठविली.

साहेब हटले नाहीत. "हे सरकारातल्या मोठ्या पक्षाच्याच मनात नव्हतं कशावरून?"

"असेलही, सर. पण त्यांच्यात शेतकरी, कारखानदार, कामगार सगळेच. कोणाला दुखवणार? लहान पक्षाकडे गमवायला मतंच थोडी. म्हणून कडू औषध पाजायचं काम त्यांच्याकडे आलं."

"म्हणजे दर वेळी तेच जिंकले?"

येथे उज्वलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"नाही, सर. बासष्ट साली रिपब्लिकनांनी नियोजनाचा मोठा विचार मांडला. तो बराचसा कागदावरच राहिला. माझं सगळ्यात लांब प्रकरण तेच आहे."

साहेबांनी ते प्रकरण उघडिले, आणि चहा निवोन गेला तरी वाचीत राहिले. मग फर्माविले, "हरलेली लढाई इतकी नीट कोणी लिहीत नाही," आणि मंजुरीची सही केली.

बाईंनी बाहेर येताच इगतपुरीस फोन लाविला. "बाबा, पास झाले."

"लय बेस झालं," सावळीराम वदले, आणि पुसिले, "मंग इटलीचं आता बरं चाललंय ना?"

"चाललंय, बाबा."

त्यांचे चित्त स्वस्थ जाहले. मोहीम फत्ते जाहली, सबब दाखल केले असे.