घर क्रमांक ४१२ चा जबाब

बंद आणि पडक्या घरांच्या दुरुस्तीसाठी सरकारी अनुदान मंजूर करण्याआधी त्या घराचा जबाब घ्यावा लागे, आणि घरे जबाब देत. सुरुवातीला नगरपरिषदेतल्या काही जणांना हे काम किचकट वाटले, पण छापील नमुना आल्यावर सगळ्यांची सोय झाली. अकरा रकाने होते. शेवटी सहीच्या जागी दाराच्या कडीला शाई लावून तिचा ठसा घ्यायचा.

हे काम दिगंबर तोडकरी या लिपिकाकडे आले. तोडकरींना मुळातच चौकशा फार. मेथी घ्यायला गेले तरी जुडी कुठल्या मळ्यातली हे विचारल्याशिवाय पिशवी उघडायचे नाहीत. वर्षभरात एकसष्ट घरांशी बोलून झाल्यावर घरे माणसांपेक्षा मुद्द्याचे बोलतात असे त्यांचे मत पडले होते. अपवाद एका घराचा. त्याची दोन भावांत वाटणी झालेली होती, त्यामुळे पुढच्या खोलीने एक सांगितले आणि मागच्या खोलीने नेमके त्याच्या उलट. तोडकरींनी दोन्ही जबाब लिहून घेतले आणि मधल्या भिंतीचा अभिप्राय मागवला.

घर क्रमांक ४१२ मात्र अडून बसले. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रे, त्यातले निम्मे उडालेले, मोरीत डोक्याइतका उंच वाढलेला एरंड. पाहताक्षणी अनुदान द्यावे असे ते घर होते. पण योजनेची पहिली अट अशी की घर किमान तीन वर्षे रिकामे असले पाहिजे, आणि ते घरानेच कबूल केले पाहिजे. किती वर्षे रिकामे आहे, असे तोडकरींनी पडवीत उभे राहून विचारले.

"मी रिकामं नाही, साहेब," घर म्हणाले. "माणूस बाहेर गेलाय."

कोण माणूस, तर सोपान वाघचवरे. सकाळी साडेआठला डबा घेऊन, सायकल काढून, दारातून "येतो" म्हणून गेलेले. आता आपल्याकडे घरातून निघताना "जातो" असे कुणी म्हणत नाही. "येतो"च म्हणतात, आणि म्हटले हे पुढच्या वळणावर विसरूनही जातात. घरे विसरत नाहीत. येतो म्हणून गेलेला माणूस येईपर्यंत आपल्याला रिकामे धरता येणार नाही, असे घराचे म्हणणे पडले, आणि तोडकरींनी नियमावली दोनदा चाळली तरी त्यांना ते खोडता येईना. त्यांनी लिहिले: घर रिकामे नाही. राहणारा बाहेर आहे.

असा जबाब आला की अर्ज फेटाळला जाई. त्याची चिठ्ठी हातात पडल्यावर मालकीण सुलभा वाघचवरे दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर झाल्या. साठीला टेकलेल्या, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. पिठाच्या गिरणीमागच्या भाड्याच्या खोलीत त्या ब्लाऊज शिवत. गिरणीवाल्याने जागा विकली होती आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. हे घर राहण्याजोगे झाले नाही तर मशीन कुठे मांडायचे आणि अंथरूण कुठे टाकायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. तसे त्यांनी सरळ सांगितले.

मग तोडकरींनी सोपानरावांचे विचारले. ते वायरमन होते. चौदा वर्षांपूर्वी खांबावर काम करताना शॉक लागला. दुपारी कुणीतरी मोटारसायकलवरून निरोप घेऊन आले, तशा बाई कुलूप घालून धावल्या. दवाखान्यातून सोपानरावांना परस्पर स्मशानात नेले, पुढचे दिवस थोरल्या दिरांच्या गावी झाले. त्यानंतर ते कुलूप काढायला बाईंचा हात धजला नाही.

"आणि घराला कुणी कळवलं?" तोडकरींनी विचारले.

पाहुण्यांना कळवले होते, बँकेला कळवले होते, रेशनकार्डावरचे नावसुद्धा कमी केले होते. घर तेवढे राहून गेले होते.

बाईंनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला. घराला कागद चालत नाही, तोडकरींनी समजावले, घरच्या माणसाने तोंडी सांगायचे असते. मंजुरीची यादी शुक्रवारी जिल्ह्याला जाणार होती, म्हणून त्यांनी गुरुवारी सकाळी अकराला घरापुढेच सुनावणी ठेवली. बाईंना रात्रभर झोप लागली नाही. नवरा वारला हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही स्वतःच्या तोंडाने म्हटले नव्हते. त्यांच्या वतीने नेहमी दुसरेच कुणीतरी सांगत आले होते.

गुरुवारी त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तोडकरींनी दोघांची ओळख पटल्याची नोंद केली.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काहीच न बोलता गेलात," घर म्हणाले. "भात अर्धा कच्चा होता."

"गॅस बंद केला होता ना मी?"

"केला होता."

तोडकरींनी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"ह्यांची वाट बघू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी दुपारी वारले ते."

घराने विचारले, याला किती दिवस झाले. बाईंनी सांगितले, चौदा वर्षे.

"म्हणजे मी चौदा वर्षं रिकामंच होतं," घर म्हणाले.

सुलभाबाई पायरीवर बसल्या आणि रडल्या. त्यांना त्या रडण्याने बरे वाटले. इतक्या वर्षांनी त्यांच्या नवऱ्याची बातमी नव्याने ऐकणारे कुणीतरी भेटले होते आणि त्यालाही तितकेच वाईट वाटले होते. तोडकरींनी आयुष्यात पहिल्यांदा काही विचारले नाही. बाईंचे डोळे पुसून झाल्यावरच त्यांनी रकाना भरला: रिकामे असल्याचा काळ, चौदा वर्षे.

पुढचे रकाने भराभर उरकले. दुरुस्तीनंतर राहणार कोण? सुलभा वाघचवरे, एकटी, शिलाई मशीनसह. घराची हरकत? नाही. मशीन तेवढे खिडकीखाली मांडावे, उजेड तिकडून बरा येतो, असे घराने सुचवले, ते तोडकरींनी शेरा म्हणून लिहिले. कडीला शाई लावून ठसा घेतला. ठसा जरा फिका आला, पण चालण्यासारखा होता. काम महिनाअखेरीच्या आत पुरे करायचे ठरले.

सुलभाबाईंनी पातळाची माती झटकली, चपला घातल्या आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "येते मी."

"साहेब," घर म्हणाले, "एवढं लेखी घ्या."

नमुन्यात त्याला जागा नव्हती. तोडकरींनी कोरा कागद मांडीवर घेऊन, खाली कार्बन घालून लिहिले: मी, सुलभा सोपान वाघचवरे, "येते" असे सांगून जात आहे. तारीख घातली, वेळ घातली. बाईंनी वाचून पाहिले आणि सही केली. एक प्रत फायलीला लागली. दुसरी तोडकरींनी दाराच्या फटीशी धरली, ती घराने आत ओढून घेतली.